आडा बाजारची गाय आणि मुलं पळवणारी टोळी

नाशिकहून नोकरीसाठी इंदूरला येऊन आठ महिने झालेल्या एका तरुणीचा हा प्रश्न आहे. घरमालकीण काकूंनी तिला आडा बाजारच्या गायीची गोष्ट सांगितली. कॅबवाल्याने भेरूघाटातल्या पांढऱ्या साडीच्या बाईची सांगितली, ऑफिसातल्या सहकाऱ्याने लखपती भिकाऱ्याची. आणि गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला. यातलं खरं किती, शिकलेली माणसंही असलं का सांगतात, आणि ऐकणाऱ्याने काय करायचं, असं तिने विचारलंय.

मी बत्तीस वर्षं इंदुरात शहराच्या बातम्या केल्या, आधी लूनावर आणि मग स्कूटरवर. आता रविवारी सकाळी राजवाड्याच्या आसपास लोकांना जुनं शहर दाखवत फिरते. ‘अमुक ठिकाणी असं घडलं म्हणे, जरा बघून ये’ हे वाक्य मी नोकरीत जितक्या वेळा ऐकलं असेल तितकं दुसरं कुठलंच नाही. बघून येता येता एक सवय लागली. गोष्ट खरी की खोटी हे तर बघायचंच, पण त्याआधी गोष्टीतलं बोट कोणाकडे दाखवलंय ते बघायचं. तुमच्या चारही गोष्टी मी तशाच बघते.

काकूंच्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण ती सगळ्यांत जुनी आणि इंदूरच्या मराठी घरांत सगळ्यांत लाडकी. मी ती आजीकडून ऐकली, रामबागेतल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावर. अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव रथातून भरधाव निघाला. वाटेत वासरू चाकाखाली आलं आणि गेलं. रथ थांबला नाही. गाय मेलेल्या वासराशेजारी बसून राहिली. मातोश्री त्या वाटेने आल्या, चौकशी केली, आणि घरी जाऊन सुनेला विचारलं, ‘आईसमोर तिचं लेकरू मारणाऱ्याला काय शिक्षा?’ सून म्हणाली, ‘मृत्युदंड.’ मग मालेरावाला हातपाय बांधून त्याच रस्त्यात टाकलं. रथ हाकायला कोणी धजेना, तेव्हा बाई स्वतः रथावर चढल्या. आणि रथ निघाला की ती गाय मध्ये आडवी येई. हाकलली की पुन्हा येई. ती अडून राहिली म्हणून त्या जागेचं नाव आडा बाजार.

आजी इथे थांबायची आणि म्हणायची, ‘जिचं गेलं तिनेच वाचवलं.’ आम्ही मुलं गप्प.

आता कागदावर काय आहे ते सांगते. मालेरावांचे वडील खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात गेले. आजोबा मल्हारराव १७६६ च्या मे महिन्यात गेले. गादी मालेरावांकडे आली आणि १७६७ साली तेही गेले, आजारपणात, विशीतच. अहिल्याबाईंनी पुढे कारभार केला तो महेश्वरहून, आणि इंदूर होळकरांची राजधानी झाली ती थेट १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर. रथाखाली मुलाला घालण्याच्या प्रसंगाला कसलाच आधार नाही.

शिवाय ही गोष्ट इंदूरची एकटीची नाही. तमिळनाडूत तिरुवारूरला मनुनीती चोळाची अशीच कथा आहे. राजपुत्राच्या रथाखाली वासरू जातं, गाय न्यायाची घंटा वाजवते, राजा मुलाला रथाखाली घालतो. तिरुवारूरच्या देवळापाशी दगडी रथ उभा आहे आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात त्या राजाचा पुतळा आहे. त्याहून जुनी श्रीलंकेच्या महावंसात. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथात एळार राजा उशाशी घंटेची दोरी बांधून झोपतो, आणि गायीने घंटा वाजवल्यावर त्याच चाकाने मुलाचं डोकं उडवतो.

म्हणजे गोष्ट फिरती आहे. पण फिरत फिरत इंदूरला आली तेव्हा तिच्यात काय बदललं बघा. घंटा गेली, आणि राजाच्या जागी आई आली. तिथे मुलगा मरतो (तिरुवारूरला पुढे शंकर त्याला उठवतो), इथे तो मरतच नाही, गाय मरू देत नाही. शिक्षा दिली जावी पण अमलात येऊ नये, राज्यकर्त्याने आपल्या पोटच्या पोरालाही सोडू नये पण आईचं काळीजही शाबूत राहावं, अशी दोन्ही मागणी या शहराने एका गोष्टीत बसवली. आणि ती बाजाराच्या नावाला बांधून ठेवली. खरं तर आडवा पडलेला रस्ता म्हणजे आडा बाजार, एवढीच त्या नावाची सरळ फोड असावी असं मला वाटतं. पण आडव्या रस्त्याची गोष्ट कोण कोणाला सांगणार? गायीची सांगतात. गोष्टीतलं बोट गादीकडे आहे: तुमच्या मुलालाही आमच्या वासराचा हिशेब द्यावा लागेल. कर भरणाऱ्या माणसाला एवढं एक वाक्य जवळ ठेवावंसं वाटतं.

मालेरावांची आणखी एक गोष्ट आहे, ती इंदुरात फारशी ऐकू येत नाही. जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या १८२३ च्या ग्रंथात ती नोंदवली आहे. मालेरावांनी संशयावरून एका भरतकाम करणाऱ्या कारागिराला मारलं, तो निरपराध होता हे नंतर कळलं, मालेरावांच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि लोकांनी धरलं की त्या कारागिराचं भूतच त्यांच्या अंगात आलंय. अहिल्याबाई रात्रंदिवस उशाशी बसून त्या भुताची विनवणी करत राहिल्या, देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जमीन देते म्हणून. भूत ऐकेना. इथेही बोट गादीकडेच आहे. फक्त मध्ये यायला गाय नाही.

या गोष्टीत मला अहिल्याबाई जास्त खऱ्या दिसतात. नवरा गेला, सासरे गेले, आणि आता आजारी मुलाच्या उशाशी जागणारी बाई. आडा बाजारच्या गोष्टीने तिला न्यायदेवता केलं, पण तिचं हे जागरण पुसलं. आणि एका आजारी तरुण मुलाला अडीचशे वर्षं बेदरकार रथवाला ठरवून ठेवलं. म्हणून रविवारी मी आडा बाजारात थांबते, गोष्ट पूर्ण सांगते, आजीसारखीच सांगते, आणि मग माल्कमचीही सांगते. काही जण नाराज होतात. एका आजोबांनी मला तिथेच सुनावलं, ‘बाई, आमची गाय कशाला काढून घेता?’ मी म्हटलं, ‘गाय राहू द्या, मुलाला तेवढं सोडा.’

भेरूघाटाच्या बाईबद्दल थोडक्यात. खंडव्याच्या वाटेवर सिमरोलच्या पुढे तो घाट लागतो. वळणं वाईट, अपघात पुष्कळ, आणि ड्रायव्हर भैरवाला हात जोडूनच पुढे जातात. लिफ्ट मागणारी आणि मध्येच नाहीशी होणारी बाई जगातल्या निम्म्या घाटांत असेल. अमेरिकेत दोन अभ्यासकांनी १९४२-४३ साली याच कथेची ७९ रूपं गोळा केली होती. कॅबवाल्याला खोटं पाडू नका. रात्री घाटात अनोळखी माणसासाठी गाडी थांबवू नये, वळणावर वेग कमी ठेवावा, हे तो स्वतःलाच बजावतो आहे, आणि त्याच्या धंद्यात ते बजावावंच लागतं.

पडक्या जागांच्या भुतांचंही थोडं असंच. पश्चिमेकडच्या फूटी कोठीबद्दल प्रत्येकाकडे वेगळं कारण आहे: ३६५ खोल्या बांधायच्या होत्या, इंग्रजांनी अडवलं, शाप होता. एवढी मोठी वास्तू अर्धवट का राहिली, याचं उत्तर समोर नसलं की लोक स्वतःचं तयार करतात. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली हे सूत्रासारखं मांडलं होतं. विषय जितका जिव्हाळ्याचा आणि माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोरात. दोन्हींचा गुणाकार. एक शून्य झालं तर अफवाही शून्य.

पण सूत्रात न बसणारी एक रात्र सांगते. नव्वदीच्या दशकात जुन्या शहरातल्या एका बंद कोठीत रात्री दिवा दिसतो, बाई रडते, अशी बोंब होती. संपादकांनी मला आणि फोटोग्राफरला पाठवलं. अमावस्या होती, मुद्दाम. मागच्या पडक्या भिंतीतून आत गेलो तर परसात चूल पेटलेली. तीन विटा, त्यावर तवा, ज्वारीची भाकरी, आणि कडेला गोधडीवर ओळीने झोपलेल्या चार मुली. निमाडातून मजुरीला आलेलं कुटुंब होतं. धाकटं तान्हं दात येत असल्याने रात्रभर किरकिर करायचं, तेच रडणं. बाईने आम्हाला पाणी दिलं आणि फोटो काढू नका म्हणाली. मी विचारलं, इथे भीती नाही वाटत? ती म्हणाली, ‘बाई, भूत आहे म्हणून तर पोरी निवांत झोपतात. नाहीतर इथे रात्री कोण कोण आलं असतं.’

मी बातमी दिली नाही. संपादकांना सांगितलं, काही सापडलं नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पण त्या भुताने चार मुलींना एक पावसाळा सांभाळलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मिलच्या भोंग्याची गोष्टही तुमच्या कानावर येईल, परदेशीपुऱ्यात कोणाकडे गेलात तर. बंद पडलेल्या मिलचा भोंगा पहाटे ऐकू येतो, अशी. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि कामगारांचं देणं मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, सुमारे २२४ कोटी रुपये. बत्तीस वर्षं. माझी नोकरी जेवढी, तेवढीच ती वाट. ज्या काकूंनी मला भोंग्याचं सांगितलं, त्यांचे यजमान साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि पैसे यायच्या आधीच गेले. ‘पावणेसातला वाजतो गं, मी उठते आणि डबा भरायला कणीक काढते,’ म्हणाल्या. मी तिथे खरंखोटं केलं नाही.

आता तुमच्या सोसायटीच्या ग्रुपकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातला खरा धोका तिथे आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यात एक व्हिडिओ देशभर फिरला: मोटरसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यात खेळणारं मूल उचलून नेतात. तो कराचीत बनवलेला होता, मुलांना जपा असं सांगणाऱ्या जाहिरातीचा तुकडा. मूळ व्हिडिओत शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. शेवट कापून पुढे पाठवला गेला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत फिरणारी माणसं. ज्यांच्या आजेपणज्यांना आपल्या आज्यांनी सूपभर धान्य वाढलं, ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आणि आमच्याजवळ, धार जिल्ह्यात मनावरकडे, फेब्रुवारी २०२० मध्ये मजुरांना दिलेली उचल परत मागायला गेलेल्या शेतकऱ्यांवर ‘मुलं पळवणारे आले’ अशी आरोळी ठोकली गेली. एक माणूस मेला, बाकीचे जबर जखमी. तिथे तर अफवा चक्क वापरली गेली, देणं बुडवायला.

त्या २०१८ च्याच पावसाळ्यात मला एका नव्या वसाहतीतून फोन आला, टोळीतला एक पकडलाय. गेले तर फाटकाशी चाळीस-पन्नास जण, मध्ये साठीचा एक फेरीवाला, शर्टाची बाही फाटलेली, आणि त्याच्यापाशी मोठं गाठोडं. गाठोड्यात मूल आहे म्हणे. मी विचारलं, कोणाचं मूल हरवलंय? मागच्या बाजूच्या इमारतीतलं. मागच्या इमारतीतले लोकही तिथेच उभे होते, त्यांनी सांगितलं, नाही, शेजारच्या कॉलनीतलं. मुलाचं नाव काय? शांतता. चाळीस माणसांत एकालाही हरवलेल्या मुलाचं नाव सांगता येईना. तोवर कोणीतरी गाठोडं सोडलं. पानिपतच्या चादरी होत्या, सहा-सात, आणि त्यात गुंडाळलेला त्याचा जेवणाचा डबा. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने बागेत खेळणाऱ्या मुलाकडे प्यायला पाणी मागितलं होतं. पोलीस आले, त्याला घेऊन गेले आणि स्टेशनवर चहा पाजून सोडलं. तो पुन्हा त्या भागात दिसला नाही.

फ्रान्समधल्या ओर्लेआँ शहरात १९६९ च्या मे महिन्यात हेच झालं होतं. कपड्यांच्या दुकानांतल्या ट्रायल रूममधून मुली गायब होतात, अशी अफवा उठली. दुकानं बहुतेक ज्यू मालकांची. पोलिसांकडे एकही मुलगी हरवल्याची तक्रार नव्हती. ट्रायल रूम आधुनिक होती, बोट मात्र शेकडो वर्षं जुनं, आणि जिथे नेहमी असतं तिथेच.

शिकलेली माणसं का सांगतात, असं तुम्ही विचारलंत. भीती खरी असते म्हणून. आमच्या वाड्यात चादरवाला यायचा तेव्हा सगळ्यांना तो ठाऊक असायचा, गेल्या वर्षीची उधारीही त्याच्याकडे लिहिलेली असायची. नव्या इमारतीत आईवडील दोघं कामावर, मूल तीन ते सात एकटं, शेजारच्या दारावरचं आडनाव पाठ नाही. या चार तासांची धास्ती आई बोलून दाखवत नाही, कारण बोलली तर लोक नोकरी सोड म्हणतील. टोळीचा मेसेज पुढे पाठवता येतो. त्यात कोणी तिला दोष देत नाही. शिक्षणाने ही धास्ती जात नाही. उलट शिकलेल्याच्या हाताने गेलेल्या मेसेजवर पुढचा माणूस जास्त विश्वास ठेवतो. आणि माझ्या अनुभवात हरवलेली मुलं बहुतेक वेळा घरातून रागावून निघालेली असतात, परीक्षेच्या निकालानंतर तर हमखास. ती गोष्ट कोणी ग्रुपवर टाकत नाही, कारण तिच्यातलं बोट घराकडे वळतं.

लखपती भिकाऱ्याचीही जात हीच. ‘फ्लॅट आहेत म्हणे त्याचे, व्याजाने पैसे देतो.’ इंदुरात १ जानेवारी २०२५ पासून भीक देण्यावरच बंदी आली, गुन्हा दाखल होईल असा आदेश निघाला. भीक द्यावी की नाही यावर प्रामाणिक मतभेद आहेत, आणि एखाद्याजवळ खरंच पैसे सापडतातही. पण ही गोष्ट मी १९९० पासून ऐकतेय आणि ती नेहमी सिग्नलवर, गाडीची काच वर करताना सांगितली जाते. त्या क्षणी ती सांगणाऱ्याच्या उपयोगी पडते. काचेबाहेरच्या माणसाला मात्र दुसऱ्या दिवशीही त्याच काचेसमोर उभं राहायचं असतं.

सगळ्याच अफवा अशा नसतात. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पिऊ लागला तेव्हा मी नवखी होते. एसटीडी बूथवर रांगा, दूधवाल्याकडे रांगा, देवळात रांगा. पृष्ठताणाने चमच्यातलं दूध मूर्तीवर ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली उतरतं, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलंही. पण त्या दिवशी प्रत्येकाला आपापला चमचा धरून बघायला मोकळीक होती आणि कोणाच्या अंगाला ओरखडा आला नाही. कुत्री येऊ नयेत म्हणून दारासमोर लाल पाण्याच्या बाटल्या टांगतात त्याही तशाच. कुत्र्याला लाल रंग नीट दिसतच नाही, बाटलीशेजारीच ते अंग टाकून झोपलेलं असतं. लटकू द्या.

करायचं काय, तर मेसेज आला की त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर, साध्या शब्दांत विचारा: मुलाचं नाव काय, कोणत्या ठाण्यात तक्रार आहे, तुम्ही स्वतः पाहिलंत का. ‘खोटं आहे’ म्हणू नका. तसं म्हटलं की माणूस आपला मान राखायला हट्टाला पेटतो. ‘माझ्या मावसबहिणीच्या जावेने पाहिलं’ असं उत्तर आलं तर त्या जावेचा नंबर मागा. मी एकदा असा माग काढत सात माणसं मागे गेले होते, आणि सातवी व्यक्ती पहिलीचंच नाव सांगत होती. खरंच काही संशयास्पद दिसलं तर ११२ किंवा मुलांसाठीचा १०९८ लावा आणि फोटो ग्रुपवर टाकू नका. चेहरा एकदा फिरला की परत बोलावता येत नाही. आणि फाटकाशी कोणाला घेरलेलं दिसलं तर लांबून बघू नका. जवळ जाऊन नाव विचारा, आधी मुलाचं, मग त्या माणसाचं. नाव घेतलं की हात जरा खाली येतात, हे मी तिथे पाहिलंय.

तुमच्या घरमालकीण काकूंची गोष्ट मात्र लिहून ठेवा, पुढच्या वेळी सांगतील तेव्हा त्यांच्याच शब्दांत. रथ होता की बग्गी, सुनेला विचारलं की दरबाराला, गाय किती वेळा आडवी आली, आणि त्यांना ती कोणी सांगितली, माहेरी की सासरी, हे सगळं. खाली तारीख घाला. माझ्याकडे अशा तेवीस आहेत, आणि एकीतही गायीने वाट सोडलेली नाही. काकूंची चोविसावी धरते.